मात्रा आणि मर्यादा

वैद्यकीय प्रतिमाचित्रणातील प्रारणासंबंधी लिहिताना 'मात्रा' हा एकच शब्द दोन भिन्न राशींसाठी योजिला जातो. ऊतकाने दर किलोग्रॅममागे शोषिलेली ऊर्जा ही शोषित मात्रा. तिचे एकक ग्रे, म्हणजे किलोग्रॅममागे एक जूल. प्रारणाचा प्रकार आणि निरनिराळ्या अवयवांची संवेदनशीलता हिशेबात घेऊन काढलेली ती परिणामी मात्रा. तिचे एकक सीव्हर्ट.

याहून गंभीर घोटाळा 'मर्यादा' या शब्दाने होतो. भारतात प्रारणाशी संबंधित कर्मचाऱ्यांच्या परिणामी मात्रेस सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट, व कोणत्याही एका वर्षात ३०, अशी मर्यादा आहे. सर्वसामान्य जनतेसाठी ती वर्षाला १ आहे. आता पोटाच्या एका सी.टी. तपासणीत साधारणतः ८ ते १० मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. हे आकडे शेजारी ठेवून रुग्णाने 'मर्यादा ओलांडली' असे अनुमान काढल्यास ते चूक ठरेल. कारण रुग्णाच्या स्वतःच्या तपासणीस या मर्यादा लागूच होत नाहीत. तेथे कसोट्या दोन: तपासणी समर्थनीय आहे काय, आणि निदानास पुरेल इतकीच मात्रा दिली आहे काय. अनावश्यक तपासणी अल्प मात्रेचीही असमर्थनीयच होय. उलटपक्षी, मर्यादेच्या भयाने आवश्यक तपासणी टाळल्यास निदानच हुकण्याचा संभव असतो.

यास्तव 'मर्यादा' हा शब्द योजताना ती कोणासाठी, हे त्याच वाक्यात सांगणे अगत्याचे आहे.