पिकअपमध्ये वायरलेस सेट बसवताना: वॅट नंतर, अँटेना आधी

आजचा भाग गाडीचा आहे, पण मायलेजचा नाही. हॅम रेडिओवर बोललो होतो, तेव्हापासून एक प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, घरची पिकअप आहे, तिच्यात वायरलेस सेट बसवायचाय. किती वॅटचा घेऊ?" नेहमीप्रमाणे, ज्यांना बसमध्ये आवाज न करता वाचायचंय त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही ठेवलाय.

वॅटचं बघू, पण शेवटी. कारण ५० वॅटचा महागडा सेट चुकीच्या जागी लावलेल्या अँटेनाला जोडला, तर नीट बसवलेला १० वॅटचा सेट त्याच्यापुढे निघून जातो.

आधी कायद्याचं उरकून घेतो. भारतात हॅम रेडिओवर बोलायला परवाना लागतो. वय १२ पूर्ण असलं की परीक्षा देता येते, आणि परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते. परवाना हातात येईपर्यंत ऐकायचं, बटण दाबून बोलायचं नाही. किती ताकदीनं बोलायचं हेही तुमच्या परवान्याच्या श्रेणीवर ठरतं. अजून एक, आणि हे पिकअपवाल्यांसाठी महत्त्वाचं: हॅम परवान्यावर धंद्याचे निरोप चालत नाहीत. "दुधाची गाडी पोहोचली का", "दहा पेट्या जास्त टाक" हे हॅमवर बोलायचं नाही. त्यासाठी वेगळा परवाना असतो. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये कमी ताकदीचे हातातले सेट बिनपरवाना चालतात, पण ते हातातच वापरायचे. छतावरची अँटेना जोडून त्यांची ताकद वाढवायचा उद्योग करू नका. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून तो सेट कायदेशीर आहे असंही नाही. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीसाठी मुद्दाम नियम काढावे लागले, ते उगाच नाही.

आता मग हे सगळं करायचं कशासाठी? खिशात फोन आहे ना? आहे. पण जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा वीज गेली, मोबाईल गेले, आणि बाहेरच्या माणसांना आतल्या नातेवाइकांचा पत्ता लागेना. डिसेंबर २००४ ची त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम प्रयोगासाठी योगायोगानं पोर्ट ब्लेअरलाच होते. अंदमानातून मुख्य भूमीपर्यंत निरोप पोहोचवायला त्यांचे सेट कामी आले. टॉवर नाही, केबल नाही. एक बॅटरी, एक सेट आणि एक अँटेना. पिकअपकडे बॅटरी असते, ती चार्ज करणारं इंजिन असतं, आणि ती चिखलातून जाते. म्हणून ही गाडी मला यासाठी आवडते.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत, चिपळूणच्या बाजूचे. परवानाधारक हॅम, आंब्याचा धंदा, सिंगल केबिनची पिकअप. गेल्या मे महिन्यात, सीझन संपल्यावर, त्यांच्या गाडीचं काम मी केलं. काकांचं म्हणणं सरळ होतं, "अरे, पन्नास वॅटचा सेट घेतलाय, अँटेना लाव कुठंही." मी म्हटलं, "काका, सेट लावू हवा तिथं, पण अँटेनाला कुठंही चालत नाही."

का चालत नाही ते बघा. हॅमचा सगळ्यात वापरातला पट्टा आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्यानं भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ ला ती साधारण २.०७ मीटर. तिचा पाव भाग घेतला आणि तारेसाठी थोडा कमी केला की सुमारे ४९ सेंटीमीटर. ही झाली पाव-लहर अँटेना, गाडीवरची सगळ्यात साधी. पण तो उभा दांडा म्हणजे अर्धीच अँटेना असते. उरलेली अर्धी म्हणजे खालचा पत्रा. दांड्याखाली चारही बाजूंना निदान अर्धा मीटर धातू पसरलेला असेल तर ती नीट काम करते. म्हणून केबिनच्या छताचा मधोमध ही पहिली पसंती. बंपरवर लावली की एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला हवा; मग सिग्नल एका दिशेला बरा आणि दुसरीकडे लंगडा. फायबरच्या टपावर लावली तर खाली पत्राच नाही, तिथं पाव-लहर लावण्यात अर्थ नाही.

काकांच्या गाडीत भानगड अशी होती की हौद्यावर ताडपत्रीसाठी लोखंडी सांगाडा. तो केबिनच्या छताहून जवळपास दीड फूट वर. म्हणजे छताच्या मध्यावर ४९ सेंटीमीटरची अँटेना लावली असती, तर तिच्या पाठीमागं तिच्याच उंचीची लोखंडी जाळी उभी. पुढे छान, मागे सावली. आणि कुंभार्ली घाटात गाडी वळत राहते, कुठली बाजू कधी मागे येईल सांगता येत नाही.

तिथं आम्ही अर्ध-लहर अँटेना वापरली. साधारण एक मीटर लांब असते, आणि तिला खालच्या पत्र्याची गरज जवळपास नसते. सांगाड्याच्या पुढच्या आडव्या पाइपला जाड पट्टीचा ब्रॅकेट, त्यावर ही अँटेना. आता ती सगळ्या लोखंडाच्या वर. लांब आहे, फांद्यांना लागते, हे खरं. म्हणून बुडाशी आडवी पाडता येणारा सांधा घेतला. हा सांधा चैन नाही. विद्युतीकरण झालेल्या रेल्वेच्या फाटकावर वरून २५ हजार व्होल्टची तार जाते. अँटेना उभी ठेवून खालून जायचं की नाही असला हिशेब तिथं करत बसायचं नाही, आडवी पाडायची आणि मगच जायचं. महावितरणच्या लोंबणाऱ्या तारांखालीही हेच.

चुंबकाचं बूड? विचारणारे खूप आहेत. सुरुवातीला चांगलं आहे, भोक पाडायला लागत नाही, भाड्याच्या गाडीवरही चालतं. पण खाली धूळ अडकली की रंग खरवडतो, आणि आंब्याच्या बागेतल्या फांदीनं एक फटका दिला की अँटेना रस्त्यावर. छताला भोक पाडून पक्कं बूड बसवणं सगळ्यात उत्तम, असं माझं मत. पण किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत कापलेल्या पत्र्याच्या कडेला प्रायमर आणि सीलंट लावलं नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात गंज दिसेल. मालकाचा जीव त्या छतात असेल तर मी आग्रह करत नाही.

अँटेनापासून सेटपर्यंत येते ती कोअ‍ॅक्स केबल. गाडीत बहुतेक आरजी-५८ वापरतात. १४५ मेगाहर्ट्झला तिच्या ५ मीटरमध्ये साधारण १ डेसिबल जातो, म्हणजे ताकदीचा पाचवा हिस्सा उष्णता होऊन संपतो. ४३५ मेगाहर्ट्झला त्याहून जास्त. म्हणून उरलेली केबल गुंडाळी करून सीटमागं कोंबू नका, लागेल तेवढीच ठेवा. दाराच्या रबरात चेपलेली केबल महिनाभर चालते, मग आतली जाळी तुटते आणि दोष सापडता सापडत नाही. केबिनच्या मागच्या पत्र्याला रबरी ग्रोमेट घालून केबल आत घ्या, आणि आत जाण्याआधी तिला खाली एक झोका ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोक्याच्या तळाशी गळून पडेल, केबलवरून घसरत केबिनमध्ये येणार नाही. बाहेरच्या कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप. साधी इन्सुलेशन टेप कोकणातल्या जुलैत टिकत नाही.

आता वायरिंग. इथं मात्र ऐकताना दुसरं काही करत असाल तर थांबा, कारण गाड्या इथं जळतात.

५० वॅटचा सेट बोलताना १० ते १२ अँपिअर ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटमागची वायर त्यासाठी बनवलेली नसते. थेट बॅटरीवरून दोन वायरी आणायच्या. बॅटरीपासून सेटपर्यंत ४ मीटर, जाऊन-येऊन ८ मीटर धरा. १ चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर ११ अँपिअरला दीड व्होल्ट वायरमध्येच जातो आणि सेट बोलता बोलता बंद पडतो. ४ चौरस मिलिमीटर घेतली तर ०.४ व्होल्टच्या आत. तांब्याचीच घ्या, वर तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नाही.

फ्यूज सेटजवळ नाही, बॅटरीजवळ. का? फ्यूज सेटला वाचवायला असतो असं वाटतं, पण तो मुख्यतः वायरला वाचवतो. इंजिनाच्या पत्र्यावर घासून वायरचं आवरण गेलं आणि तांबं बॉडीला टेकलं, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. फ्यूज केबिनमध्ये असेल तर बॅटरी ते फ्यूज हा सगळा तुकडा उघडा, आणि आग तिथंच लागते. म्हणून पॉझिटिव्हच्या टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज. निगेटिव्हलाही फ्यूज घालावा असं सेटच्या पुस्तिकांत बऱ्याचदा लिहिलेलं असतं, त्याचं कारण गमतीशीर आहे: इंजिनाची अर्थची पट्टी तुटली तर स्टार्टरचा सगळा करंट तुमच्या सेटच्या बारीक निगेटिव्हमधून परत यायचा प्रयत्न करतो. नव्या गाड्यांत निगेटिव्हच्या टोकावर बॅटरी मोजणारा छोटा सेन्सर असतो. तसं असेल तर निगेटिव्ह वायर सेन्सरच्या पलीकडे, बॉडीच्या बाजूला जोडा, नाहीतर गाडीचा हिशेब चुकतो. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून वायर जाते तिथंही रबरी ग्रोमेट. तुमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन "काय होत नाही" म्हणेल. त्याला चहा पाजा आणि ग्रोमेट घालूनच घ्या.

सेट कुठं ठेवायचा? सीटखाली नको, पावसात पायांचं पाणी तिथंच जमतं. एअरबॅग उघडेल त्या जागेत सेट, माइक, वायर काहीही नको. काकांचा सेट डॅशबोर्डखाली डाव्या हाताला आहे, कारण त्यांच्या गाडीत नियमच केला: बोलणार शेजारी बसलेला, गाडी चालवणारा नाही.

मग चालू केला, आणि स्पीकरमधून "कुंईऽऽ". अॅक्सिलरेटर दाबला की सूर चढतो. हा अल्टरनेटरचा आवाज. बॅटरीवरून थेट वायरी आणल्या असतील तर बहुतेक वेळा तो येतच नाही. सततची खरखर असेल तर आधी मोबाईलचा स्वस्त चार्जर उपटा, मग एलईडी हेडलाइट बंद करून बघा. दोषी बहुतेक तिथंच सापडतो. पिकअपची एक खासियत म्हणजे केबिन आणि हौदा वेगवेगळे बसवलेले असतात, मध्ये रबर, रंग, गंज. विजेच्या दृष्टीनं ते दोन तुकडे. एचएफवर, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या खाली बोलणार असाल, तर हौदा, केबिन आणि चासी चपट्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीनं जोडून घ्या. १४५ ला एवढं अडत नाही.

शेवटी मोजमाप. एसडब्ल्यूआर मीटर लावून बघायचं, पाठवलेल्या ताकदीतली किती परत येते ते कळतं. १.५ च्या आत असेल तर झालं, ३ च्या पुढे गेला तर बोलू नका, जोडण्या तपासा. मोजताना दारं बंद, गाडी उघड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये नाही. पण या आकड्याच्या प्रेमात पडू नका. चाचणीसाठी अँटेनाच्या जागी लावायचा एक रोधक मिळतो, त्याचा आकडा अगदी १ येतो आणि बाहेर जवळजवळ काहीच जात नाही. खरी परीक्षा म्हणजे गाडी हळूहळू गोल फिरवायची आणि लांबच्या कुणाला तरी विचारायचं, कुठल्या दिशेला आवाज पडला? काकांच्या गाडीत चारही दिशांना सारखा आला.

आणि वॅट? अँटेना जमिनीपासून २ मीटरवर असेल तर तिचं क्षितिज साधारण ६ किलोमीटर. दोन पिकअप सपाटीवर एकमेकींशी १०-१२ किलोमीटर बोलतील, मध्ये डोंगर आला की त्याहून खूपच कमी. ९०० मीटर उंचीवरच्या रिपीटरचं क्षितिज मात्र १२० किलोमीटरच्या पुढे जातं. १० वॅटचे ५० केले तरी डोंगर बाजूला होत नाही. काका आता बहुतेक वेळा १० वर बोलतात. ५० चं बटण आहे, ते पावसाळ्यासाठी ठेवलंय.

तुमच्या गाडीचा फोटो पाठवा, हौदा आणि छत दोन्ही दिसतील असा. पुढच्या भागात त्यातल्या तीन-चार गाड्या घेऊन अँटेना कुठं लावायची ते ठरवू.