कामवारीकाठी टॉमस कोल

निजामपुऱ्यात रात्री वीज गेली की आम्ही जागे होतो. माग एकदम थांबतात, आणि त्या शांततेची सवय नसल्याने झोप मोडते. आमच्या घरचेही चार माग होते. माझं शिक्षण त्यांच्यावरच झालं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी कामवारी नदीबद्दल हळहळणार आहे.

ही हळहळ मला एका चित्रकाराकडून लागली. टॉमस कोल (१८०१–१८४८) हा अमेरिकेतल्या 'हडसन रिव्हर स्कूल'चा आद्य निसर्गचित्रकार. न्यूयॉर्कच्या उत्तरेला कॅटस्किल डोंगर आहेत. तिथल्या ओढ्याकाठची आपली लाडकी जागा त्याने पुन्हापुन्हा रंगवली. १८३६ साली त्या खोऱ्यात रेल्वेसाठी झाडांवर कुऱ्हाड चालू लागली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या निसर्गावरच्या निबंधात त्याने एकूणच वाढत्या जंगलतोडीबद्दल खेद व्यक्त केला. पुढच्या वर्षी पूर्ण झालेल्या चित्रात मात्र ओढा जुनाच आहे: गर्द झाडी, शरदाचा पहिला रंग, कुठेही रूळ नाहीत. म्हणजे जे जात होतं, ते त्याने कॅनव्हासवर राखून ठेवलं.

१८४३ मध्ये तो पुन्हा त्याच जागेकडे वळला. आता पुढची झाडं गेलेली, कुऱ्हाडवाला माणूस पाठमोरा उभा, आणि दूर पुलावरून एक इवलीशी आगगाडी धूर सोडत चाललेली. आकाश शांतच. हे चित्र रेल्वेविरुद्ध आहे की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला हेच चित्र अधिक खरं वाटतं. पहिल्यात तो नजर वळवतो, दुसऱ्यात वळवत नाही.

आता गंमत पाहा. कोल जन्मला इंग्लंडातल्या बोल्टनला, म्हणजे सुतगिरण्यांच्या गावात, आणि तरुणपणी त्याने छापील कापडाच्या नक्षीचे ठसे कोरले. कापडावर पोट भरलेला माणूस जंगलासाठी रडला! आपल्याकडे आबालाल रहिमान यांनी कोल्हापूरचं कोटितीर्थ वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रकाशात रंगवलं. त्याच तळ्याशेजारी १९०६ साली स्थापन झालेली शाहू मिल उभी राहिली. तिथेही कापडच.

आमच्या कामवारीला कोल मिळाला नाही, आबालालही नाही. भातखाचरं गोडाऊनखाली गेली, पात्रात सायझिंग-डाइंगचं पाणी उतरलं, आणि आधीचं दृश्य कसं होतं हे दाखवायला माझ्याकडे एकही चित्र नाही. म्हातारी माणसं सांगतात, पण प्रत्येकाची नदी वेगळी असते.

गेल्या पावसाळ्यानंतर मी पुलावर वही घेऊन बसलो. पहिल्या रविवारी तिवरं, पाणी आणि दोन बगळे काढले. गोडाऊनचे निळे पत्रे सोयीस्करपणे वगळले. घरी आल्यावर ते पान खोटं वाटलं. पुढच्या रविवारी पत्रे काढले, नाल्याचं तोंड काढलं, पुलावर अडकलेला टेम्पो काढला. बगळा एकच होता, तोही काढला. खाली तारीख घातली.