पन्नाशीलाच पेन्शन घ्यावी का?

1950 मध्ये प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचं गाळप सुरू झालं आणि पुढे अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगावी साखर कामगार तयार झाला. ईपीएस-95, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेबद्दल त्याच्या मनात घर करून बसलेला समज म्हणजे हंगामी कामगाराची पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं कधी भरतच नाहीत. नियम नेमका उलट आहे. हंगामी कामगाराची वर्षभरातली सेवा चार-पाच महिन्यांचीच असली, तरी ती पूर्ण वर्ष धरली जाते. पीएफ कापला गेलेले असे दहा सीझन झाले की पेन्शनचा हक्क मिळतो. हे माहीत नसल्यामुळे आठव्या-नवव्या सीझननंतर 10सी फॉर्म भरून पैसे काढले जातात आणि जमलेली सेवा पुसली जाते. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतलं, तर ती पुढच्या नोकरीला जोडता येते.

दुसरा समज पन्नाशीचा. नोकरी सुटली असेल तर 50 व्या वर्षापासून पेन्शन मिळते हे खरं. पण पूर्ण पेन्शनच्या 58 व्या वर्षाला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दरसाल 4 टक्के कपात होते आणि ती आयुष्यभर राहते. 58 व्या वर्षी 3,000 रुपये मिळणार असतील, तर पन्नाशीला साधारण 2,100 च हाती येतात. यावर कुणी म्हणेल, आठ वर्षांत दोन लाख मिळाले, ते कुठे गेले? हिशेब बरोबर आहे. पंचाहत्तरी ओलांडेपर्यंत लवकर घेणाराच पुढे राहतो. पण या पेन्शनला महागाई भत्ता नाही, आणि पेन्शनरामागे पत्नीला मिळते ती त्याच कापलेल्या रकमेची निम्मी. पेन्शनची खरी गरज लांबलेल्या म्हातारपणात असते. आजारपण असेल, कारखाना बंद पडून दुसरी कमाईच नसेल, तर मात्र लवकर घेण्यात चूक नाही.

मग 60 पर्यंत थांबावं का? थांबल्यास दर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. पण याच उदाहरणात दोन वर्षांचे 72,000 सोडून महिन्याला सुमारे 240 रुपये जास्त मिळतात; सोडलेली रक्कम भरून निघायला पंचवीस वर्षं लागतात. माझ्या मते बहुतेकांसाठी 58 च योग्य. तोवर सेवेच्या नोंदी, जन्मतारीख आणि पत्नीचं नाव तपासून ठेवा, आणि पेन्शनचा 10डी अर्ज वेळेवर द्या.