‘पाहू’चा ढीग

गोंदियाच्या एका भंगारवाल्याकडे जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटींचं एक पोतं बाजूला ठेवलेलं दिसलं. बाकीचं प्लास्टिक वजनावर चाललं होतं. हे पोतं मात्र कुणाला द्यायचं नाही, असं त्यानं कामावरच्या पोराला बजावून ठेवलं होतं. “मलाजखंडवाले दादा येतात, ते नेतात,” एवढंच कळलं. तांब्याच्या खाणीच्या गावातला माणूस भंगारातून मारिओ आणि कॉन्ट्रा वेचून नेतो, ही गोष्ट डोक्यातून जाईना. म्हणून बालाघाट, बैहर करत मलाजखंड गाठलं.

दादा खाणीत इलेक्ट्रिशियन आहेत. निवृत्ती तोंडावर आली आहे, क्वार्टर सोडायचं आहे आणि बालाघाटकडचं त्यांचं घर दोन खोल्यांचं. तीसेक वर्षं जमवलेलं सगळं तिथं मावणार नाही. त्यामुळे मी पोचले तेव्हा मागच्या खोलीत निवड चालू होती. दारातच स्पिरिटचा वास आला. इंजेक्शनच्या आधी दंडावर फिरवतात तेच हे द्रव्य. दादा त्यात कापसाचा बोळा बुडवून कॅसेटच्या खालच्या पट्टीवरून फिरवत होते. प्रत्येक बोळा काळा-हिरवा होऊन बाहेर येत होता. इथल्या पावसाळ्यात तांब्याच्या पट्टीवर हिरवट थर चढतो, आणि लहानपणी आपण सगळ्यांनी ज्या कॅसेटमध्ये फुंकर मारली, त्या फुंकरीतल्या ओलाव्यानंही तो वाढतो.

काम असं : चार स्क्रू काढायचे, साठ पिनांची पट्टी खोडरबरानं घासायची, पुसायची, वाळवायची, मशीनमध्ये खोचायची, टीव्ही लावायचा. टीव्ही जुना, पिक्चर ट्यूबचाच लागतो, कारण ‘डक हंट’ची बंदूक आजच्या पातळ पडद्यावर चालत नाही. चित्र आलं तर कॅसेट डावीकडे. नाही आलं तर आतला बोर्ड पाहायचा. जपानी बनावटीच्या कॅसेटमध्ये पायांची चिप असते, ती काढून बदलता तरी येते. आपल्याकडे आलेल्या बहुतेक स्वस्त कॅसेटींत बोर्डावर नुसता काळा गोळा असतो. चिप त्या गोळ्याखाली पुरलेली. “गोळा मेला का कॅसेट मेली,” दादा म्हणाले. “तिथं डॉक्टर चालत नाही.”

एक पिवळी कॅसेट त्यांनी माझ्या हातात दिली. लेबलवर ९९९९ इन १. “किती गेम असतील सांगा ताई?” मग स्वतःच म्हणाले, “दहा-बारा. बाकी तेच गेम, कुठं दुसऱ्या लेव्हलपासून चालू, कुठं वेग वाढवलेला.” ही ९९९९ची गोष्ट त्यांनी दुपारभरात पुन्हा पुन्हा काढली, कारण त्यांच्याकडे अशा कॅसेटी ढिगानं आहेत. लेबल वेगळं, चित्र वेगळं, दुकान वेगळं, आत तेच दहा-बारा.

जमिनीवर चार ढीग होते. चालू. दुरुस्त होण्यासारख्या. मेलेल्या. आणि चौथा, ज्याला दादा ‘पाहू’ म्हणतात. तो सगळ्यांत मोठा होता. मी बसले होते तेवढ्या वेळात मेलेल्यांच्या ढिगातून उचलून त्यांनी कितीतरी कॅसेटी ‘पाहू’त टाकल्या. ‘पाहू’मधून बाहेर मात्र तोवर एकही आली नव्हती.

चहा घेऊन वहिनी आल्या, त्या उंबऱ्याशीच थांबल्या. “या खोलीत आमची दोन पोरं झोपत होती,” त्या म्हणाल्या. “आता पाय ठेवाले जागा नाही.” आवाजात राग नव्हता, थकवा होता. दादा काही बोलले नाहीत.

२०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत अनावर साठवणूक हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला. त्यात वस्तू किती, हा प्रश्नच नाही. वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकताना माणसाला यातना होतात का, आणि राहत्या जागेचा वापर बंद पडतो का, हे पाहतात. वहिनींचं वाक्य या कसोटीला तंतोतंत लागू पडतं. मी काही निदान करणारी नव्हे, आणि दादांना रुग्ण म्हणायला माझं मन तयारही नाही. पण संग्रह आणि साठा यांतली रेघ त्या घरात कुठं होती, हे मला दिसलं : ती तिसऱ्या आणि चौथ्या ढिगाच्या मधून जात होती.

टाकल्याशिवाय संग्रह होत नाही, हे मलाजखंडच्या माणसाला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. १९८२ पासून इथं डोंगर खोदला जातो आहे. देशातली तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण ही, आता काम जमिनीखाली सरकलं आहे. शंभर किलो खनिजात तांबं एखादा किलो. उरलेला दगड बाजूला काढला जातो, म्हणून तांबं हाती लागतं. मी हे म्हटल्यावर दादांनी मान डोलावली आणि हातातली मेलेली कॅसेट ‘पाहू’त ठेवली.

तरीही मी त्यांच्या बाजूनं आहे, आणि त्याला कारण आहे. ‘बॅटल सिटी’, ज्याला आपण नुसतं ‘टँक’ म्हणायचो, तो गेम नाम्कोनं १९८५ साली फॅमिकॉम या जपानी मशीनसाठी काढला, तो फक्त जपानात. इथल्या गावोगावच्या पोरांनी तो खेळला तो नकली मशीनवर, नकली कॅसेटींतून. मूळ कंपन्यांच्या दप्तरात आपलं हे खेळणं कुठंच नाही. समुराई, लिटल मास्टर, मीडिया अशी नावं लिहिलेली खोकी कोणत्या गावात कधी पोचली, कुणी विकली, तासाला किती घेऊन खेळायला दिली, याची नोंद कोण ठेवणार? अमेरिकेत तर रीतसर विकलेल्या गेमचीही गत वाईट आहे. तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृतपणे विकत मिळत नव्हते. त्यांची ही कथा, तर आपल्या नकली कॅसेटींना वाली कोण?

पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, फण्या, दौती गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा या वस्तूंना अडगळच म्हणत होते. त्यांनी त्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं जपल्या आणि १९६२ मध्ये संग्रह राज्य सरकारकडे सोपवला. आज त्या संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत. इतक्या वस्तू एका माणसानं जमवल्या, पण त्यांना कुणी साठा म्हणत नाही, कारण त्या लोकांसाठी उघड्या झाल्या.

याचं उलट टोक जुलै २०२१ मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या एका लिलावात ‘सुपर मारिओ ६४’ची न उघडलेली प्रत साडेपंधरा लाख डॉलरवर गेली. तिला तज्ज्ञांनी दर्जा दिलेला, वर पारदर्शक प्लास्टिकचं कवच. ते कवच आणि आतलं सील फोडलं की किंमत कोसळते. म्हणजे ती कॅसेट कुणीही, कधीही खेळू नये यासाठीच एवढे पैसे मोजले. लोक याला उच्च दर्जाचा संग्रह म्हणतात. माझ्या लेखी ही साठेबाजी आहे. खोली स्वच्छ आहे एवढाच फरक. दादांच्या धुळकट खोलीत निदान कॅसेट उघडली जाते, पुसली जाते, चालवून पाहिली जाते. संध्याकाळी कॉलनीतली पोरं आली आणि चालू ढिगातल्या ‘रोड फायटर’वर भांडत बसली, ते मी पाहिलं.

माझं मन मात्र वारंवार एका करड्या कॅसेटकडे जातं. पुन्हा एक ९९९९. चिप मेलेली, गोळ्याला तडा. पाठीमागे बॉलपेननं एका पोराचं नाव आणि खाली ‘५ वी ब’. दादांनी ती मेलेल्यांत टाकली, परत उचलली, ‘पाहू’कडे हात नेला, थांबले. बराच वेळ ती हातातच होती. “चालत नाही हे माहीत आहे ताई,” ते म्हणाले, “पन हे नाव कसं टाकू?”

वहिनींनी आतून वहीचं एक पान फाडून आणलं. त्यावर दादांनी लिहिलं : कुठल्या बाजारातून घेतली, कोणत्या साली, पाठीवर काय लिहिलं आहे, आत काय होतं. पान घडी करून कॅसेटला रबरानं बांधलं. मग आणखी एक पान मागितलं. संध्याकाळपर्यंत ‘पाहू’मधून पाच-सात कॅसेटी अशा चिठ्ठी बांधून एका बुटाच्या खोक्यात गेल्या, आणि ज्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काहीच सुचलं नाही त्या भंगाराच्या पोत्यात. ढीग फार कमी झाला नाही. पण पोतं प्रथमच भरायला लागलं होतं.

तुमच्या माळ्यावर असं मशीन किंवा अशा कॅसेटी असतील, तर भंगारात देण्याआधी एवढं करा. ती कुणी आणली, कोणत्या गावातल्या कोणत्या दुकानातून, साधारण कोणत्या साली आणि घरात कोण कोण खेळायचं, हे चार ओळींत लिहून तिला बांधा. मग ठेवा, नाहीतर ठेवणाऱ्याला द्या. लिहायला एकही ओळ सुचली नाही, तर ती खुशाल जाऊ द्या.