केसांत लावावयाची कोंबड्याची पिसे : खरेदी व भावाचा हिशेब

अंड्यांच्या धंद्यात नर पिलू हे ओझेच समजले जाते. परंतु ज्यात नरालाच मोल आहे आणि तेही मांसासाठी नव्हे, तर पिसांसाठी, असाही एक कुक्कुटव्यवसाय अमेरिकेत आहे. कोंबड्याच्या पाठीवर, शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांस लोंबणारी लांब व निमुळती पिसे गळाच्या कृत्रिम माश्या बांधण्यास लागतात. कोलोराडो राज्यातील व्हायटिंग फार्म्स येथे 1989 पासून खास या पिसांसाठी निवडपद्धतीने पैदास केली जाते.

2011 साली तेथील सलूनांतून हीच पिसे स्त्रियांच्या केसांत दिसू लागली. केसांच्या बारीक बटेवर धातूचा लहान मणी ओवून त्यात पिसाचे देठ बसवितात व मणी चिमट्याने दाबतात. पीस काही आठवडे टिकते, केसांबरोबर धुताही येते. काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांच्या पिसांवर तर उड्याच पडल्या. मासेमारीच्या दुकानांतील माल संपला व भाव कित्येक पटींनी चढला. पुरवठा मात्र त्या वेगाने वाढेना. पीस पुरेसे लांब होण्यास कोंबडा सुमारे वर्षभर पोसावा लागतो आणि शेवटी त्याला मारूनच पिसांसह कातडे काढतात. भाव पाहून अंडी उबविण्यास ठेवणाऱ्याचा माल पुढील वर्षी तयार व्हावयाचा; ही हौस तर एक-दोन वर्षांतच ओसरली.

सलूनसाठी खरेदी करताना अखंड कातड्याचा भाव पाहून भुलू नये; कामास येणारी पिसे मोजावीत. समजा, 60 डॉलरच्या कातड्यावर 150 पिसे आहेत. वरवर पाहता पीस 40 सेंटला पडले. परंतु 40 आखूड व 30 मोडकी निघाली, तर उरलेल्या 80 पिसांचा खरा भाव 75 सेंट होतो. त्यात मणी, मजुरी व जागेचे भाडे मिळवून मगच ग्राहकाचा दर ठरवावा. रंगविलेले पीस ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे. नकली पिसाची शंका आल्यास टोक जाळावे : अस्सल पिसाला जळक्या केसांचा वास येतो, प्लॅस्टिक वितळून गोळा होतो.

आपल्याकडील देशी कोंबड्याचे हे पीस सहसा आखूड व रुंद असते. तेव्हा केवळ पिसांच्या आशेने नर पोसण्याचा सल्ला ग्रामसेवकांनी कोणास देऊ नये. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याची पिसे देखणी खरी, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याच्या शिकारीस बंदी आहे. असा माल कोणी विकावयास आणल्यास तो घेऊ नये व वनखात्यास कळवावे.