सात गुंठ्यांचं बीळ

तुर्कमेनिस्तानातल्या काराकुम वाळवंटाचं उपग्रहातून टिपलेलं छायाचित्र मोठं करून पाहिलं, तर जमिनीवर फिकट गोल ठिपके दिसतात. नायटे उठावेत तसे, असंख्य. ही उंदरांची बिळं आहेत!

ती खणणारा ग्रेट जर्बिल हा उंदराचाच भाऊबंद. शेपूट सोडली तर जेमतेम वीतभर, वजन पाव किलोच्या आसपास. पण त्याच्या एका कुटुंबाच्या वाड्याचा व्यास 10 ते 30 मीटर असतो. आपल्या सातबाऱ्याच्या भाषेत पाऊण गुंठ्यापासून थेट सात गुंठ्यांपर्यंत! त्यात डझनावारी दारं, एकाखाली एक भुयारं, चाऱ्याची कोठारं, पिल्लांच्या खोल्या. आसपासचं गवत फस्त होतं, म्हणून जमीन फिकट दिसते. एकटं काराकुमच सुमारे 3,50,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून मोठं. आणि हा प्राणी इराणपासून मंगोलियापर्यंत पसरलेला.

उन्हाळ्यात बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा बिळात गारवा आणि ओल असते. या फुकटच्या वातानुकूलित घरात पोटभाडेकरू शिरते : वाळूमाशी, लांबी 2 ते 3 मिलिमीटर. (नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणू पसरवणारी माशी हिच्याच गोतातली.) तिच्या अळ्या जर्बिलच्या लेंड्यांच्या कुजक्या मातीवर पोसल्या जातात आणि मादी त्याचंच रक्त पिते. त्या रक्ताबरोबर येतो लिश्मानिया मेजर हा एकपेशीय परजीवी. काळा आजार करणाऱ्या जंतूचा हा सख्खा चुलतभाऊ.

जर्बिलच्या शरीरात तो साधारण 3 मायक्रॉनचा असतो. मिलिमीटरभर रेघेत तीनशेहून अधिक मावतात. आता हिशेब करून पाहा : 22 मीटरचं बीळ त्याच्यापेक्षा सुमारे 73 लाख पट मोठं. माणसाची उंची आणि पृथ्वीचा व्यास यांच्यात जो फरक आहे, तो जवळपास एवढाच!

माशीच्या आतड्यात हे जंतू इतके वाढतात, की त्यांनी सोडलेल्या चिकट द्रवाने तिचा घसा तुंबतो. मग रक्त नीट ओढता येत नाही आणि ती पुन्हा पुन्हा चावते. एका चाव्यात कधी दहावीस जंतू उतरतात, कधी एक लाखापर्यंत. माणसाला चावली तर काही आठवड्यांनी तिथे गाठ येते, तिचं ओलं व्रण होतं, महिनोन्‌महिने चिघळतं आणि जन्माचा वण ठेवून जातं. त्वचेच्या लिश्मानियासिसचे जगभरात दरवर्षी 6 ते 10 लाख नवे रुग्ण होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले सगळे जर्बिलच्या खात्यावर नाहीत, हेही खरं.

हिवाळ्यात उडत्या माश्या मरतात, पण परजीवी जर्बिलच्या कातडीत, बहुधा कानांवर, खुशाल तग धरतो. माणूस या साखळीत वाट चुकलेला पाहुणा. म्हणून रुग्ण बरे करून हा रोग संपत नाही. सोव्हिएत काळात वस्त्यांभोवतीची बिळं नांगरून काढली, विषारी दाणे टाकले. रोग तिथे हटला, पण मोकळी जागा दिसली की जर्बिल परततातच.

वैद्यकीय शिक्षणासाठी याच पट्ट्यातल्या उझबेकिस्तानात जाणाऱ्या आपल्या मुलांनी एवढं ध्यानात ठेवावं : ही माशी साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून आरपार जाते. उन्हाळ्यात वाळवंटाकडे फिरायला गेलात, तर बारीक विणीची, कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी सोबत न्या आणि संध्याकाळनंतर अंगभर कपडे घाला.