लागू पडेल का हे इंजेक्शन?

आषाढात मावळात भातलावणी सुरू होते. कान्हे गावच्या शिवारातही दिवसभर वाकून बोटांच्या चिमटीने एकेक रोप चिखलात रोवायचं असतं. हे काम बहुतेक बायकांच्या हातचं, आणि रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपला आमवात, पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांनाच गाठतो. सकाळी तासभर मूठ वळत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो, सुजलेल्या हातावरून बांगडी निघत नाही.

हा केवळ शहरी आजार नव्हे. याच पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ साली घरोघर पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये हजारी पाचेक जणांना तो आढळला.

उपचार सुरू होतात ते आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटने. तेवढ्याने भागलं नाही, तर बायोलॉजिक इंजेक्शनं. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये लंडनला दाखवून दिलं, की टीएनएफ नावाचं एकच प्रथिन अडवलं तरी सांध्यांची सूज ओसरते. त्या वर्गातल्या अडालिमुमॅबची जगातली पहिली जैवसदृश आवृत्ती २०१४ च्या डिसेंबरात आपल्याकडच्या झायडसने आणली. किंमत उतरली, पण शेतकरी घराला ती अजून जडच.

आणि एवढा खर्च करूनही साधारण तिघांतल्या एकाला पुरेसा गुण येत नाही. लागू पडलं की नाही, हे ठरवायला तीनेक महिने थांबावं लागतं. डॉक्टर हात, कोपर, खांदे, गुडघे असे अठ्ठावीस सांधे दाबून मोजतात. आषाढात सुरू केलेलं इंजेक्शन चुकलं, हे कळेपर्यंत भात निसवलेलं असतं. आणि तोवर झिजलेलं हाड परत भरून येत नाही.

मग आधी कळणार कसं? रक्तातून थोडा अंदाज येतो. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असेल, तर रिटुक्सिमॅब या बायोलॉजिकचा गुण येण्याची शक्यता वाढते. धूम्रपान आणि लठ्ठपणा टीएनएफरोधकांचा परिणाम कमी करतात. कधी शरीर औषधाविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं. सोबत मेथोट्रेक्सेट चालू असेल तर अशी प्रतिपिंडं कमी बनतात.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते सांध्याच्या आत डोकावणं. युरोपातल्या पाच देशांतल्या १९ रुग्णालयांनी १६४ रुग्णांच्या सांध्याच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासला. २०२१ मध्ये निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. रिटुक्सिमॅब मारतं बी-पेशींना. अस्तरात त्याच नगण्य असतील, तर मारायचं कुणाला? जनुकीय तपासणीत बी-पेशी कमी निघालेल्यांपैकी टोसिलिझुमॅब या दुसऱ्या बायोलॉजिकचा ६३ टक्क्यांना गुण आला, रिटुक्सिमॅबचा ३६ टक्क्यांनाच. सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं पाहून केलेल्या वर्गवारीत मात्र हा फरक ठामपणे सिद्ध झाला नाही. म्हणजे दिशा योग्य आहे, पण तपासणी अजून महाग आणि अवघड. आपल्याकडे पहिलं इंजेक्शन कोणतं, हे पुष्कळदा खिसाच ठरवतो. हे बदलायचं तर अशी चाचणी तालुक्याच्या रुग्णाला परवडली पाहिजे.

तोवर, पुण्याच्या लोकलमध्ये बसण्यापूर्वी पिशवीत जुने रिपोर्ट घ्यावेत, कोणती गोळी किती महिने घेतली आणि का सोडली ते लिहून न्यावं. घरात कुणाला क्षयरोग झाला असेल, तर न विचारताही सांगावं. या इंजेक्शनांनी, विशेषतः टीएनएफरोधकांनी, दबून राहिलेला क्षय उसळू शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची चाचणी पहिल्या डोसाच्या आधीच व्हायला हवी.